पेटंटचा सातबारा कोणाच्या नावावर?



पेटंट हा शब्द आपल्या गावांत पहिल्यांदा आला तो भीती घेऊन आला. डिसेंबर १९९१ मध्ये डंकेलसाहेबांचा मसुदा जाहीर झाला आणि शहरातल्या विद्वानांनी एकच ओरड सुरू केली, की आता घरचे बी पेरले तर शेतकऱ्याच्या हातात बेड्या पडतील. शेतकरी आंदोलनातही तेव्हा दोन तट पडले. कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामींची रयत संघटना डंकेलच्या विरोधात उभी राहिली, तर महाराष्ट्रात शरद जोशींनी डंकेलची उघड बाजू घेतली. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. पेटंट मोडणे हा आपल्या कायद्यात फौजदारी गुन्हाच नाही, तो दिवाणी दावा आहे. बेड्यांची भीती तेव्हाही पोकळ होती, आजही पोकळच आहे.

पण भीती पोकळ निघाली म्हणून हिशेब चोख झाला असे नाही. बेड्यांकडे डोळे लावून बसलो, तेवढ्यात खिशाकडे लक्ष राहिले नाही. कपाशीच्या एका बॅगेमागे रॉयल्टी किती गेली, कोणाला गेली, ती कोणत्या कागदाच्या जोरावर घेतली गेली आणि तो कागद आपल्या देशात चालत होता की नव्हता, हे आपण विचारलेच नाही. आता तरी विचारले पाहिजे.

करमाडकरांनी हे विचारण्याला विशेष कारण आहे. आमचे गाव छत्रपती संभाजीनगर ते जालना या रस्त्यावर. पूर्वेला जालना, म्हणजे बियाणे कंपन्यांचे माहेर. पश्चिमेला शेंद्र्याची औद्योगिक वसाहत. तिथे परदेशी कंपन्यांचे कारखाने आले आणि त्यासाठी आमच्या भागातल्या जमिनी गेल्या. पेटंटच्या धंद्याच्या दोन्ही पेठा आमच्या दोन्ही अंगांना आहेत आणि मधल्या पट्ट्यात आम्ही कपाशी लावतो. आमच्याइतकी या विषयाची गरज दुसऱ्या कोणाला असणार?

पेटंट शिवेपर्यंतच

शेतकऱ्याला पेटंट समजायला वकील लागत नाही. सातबारा समजतो त्याला पेटंट समजते.

एखाद्याने नवी वस्तू किंवा नवी कृती शोधून काढली, तर तो सरकारशी एक सौदा करतो. तो आपली युक्ती कागदावर पूर्ण उघड करून देतो. बदल्यात सरकार त्याला सांगते, की अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे तुझ्या परवानगीशिवाय दुसऱ्या कोणाला हे करता येणार नाही. वीस वर्षे झाली की ती युक्ती सगळ्यांची. आपल्या गायरानासारखी.

आता मुद्द्याची गोष्ट. करमाडच्या तलाठ्याच्या दप्तरात एखाद्याच्या नावावर दहा एकर असली, म्हणून तो बदनापूरच्या शिवारात जाऊन नांगर घालू शकत नाही. तिथे त्याच्या नावाची नोंद नाही. पेटंटचे तसेच आहे. अमेरिकेतले पेटंट अमेरिकेच्या शिवेपर्यंत, जपानचे जपानपर्यंत, भारताचे भारतापर्यंत. साऱ्या जगाचे पेटंट असा कागद कोणत्याही कचेरीत मिळत नाही. 'आमच्याकडे जागतिक पेटंट आहे' असे कोणी दुकानात सांगू लागला, तर तो एक तर अडाणी आहे नाही तर लबाड.

मग कंपन्या अनेक देशांत कुंपण कसे घालतात? त्याची रीत ठरलेली आहे. आधी आपल्या देशात अर्ज करून तारीख पक्की करायची. पॅरिस कराराप्रमाणे त्या तारखेपासून बारा महिन्यांच्या आत दुसऱ्या देशात अर्ज केला, तर तिथेही पहिलीच तारीख धरतात. मधल्या काळात दुसऱ्याने तीच युक्ती मांडली तरी त्याचा नंबर मागे. याशिवाय एक आंतरराष्ट्रीय अर्ज करण्याची सोय आहे. तो अर्ज केला की कोणकोणत्या देशांत पेटंट मागायचे हे ठरवायला पहिल्या तारखेपासून तीस महिने मिळतात, भारतासाठी एकतीस. भारत या दोन्ही करारांत ७ डिसेंबर १९९८ ला सामील झाला. पण हा एकच अर्ज म्हणजे एकच पेटंट नव्हे. शेवटी प्रत्येक देशाची कचेरी आपल्या कायद्याने तपासते आणि देते किंवा नाकारते.

प्रत्येक देशाची फी वेगळी, वकील वेगळा, भाषांतर वेगळे आणि पुढे पेटंट जिवंत ठेवण्याची फी वेगळी. म्हणून कंपनी सगळीकडे कुंपण घालत नाही. जिथे गिऱ्हाईक मोठे, जिथे प्रतिस्पर्ध्याचा कारखाना, जिथे कोर्ट दाद देते, तिथेच घालते. बाकीचे रान मोकळे राहते. मोकळे रान कोणते आणि कुंपणातले कोणते, हे ज्याला कळते तो फुकट चारतो. ज्याला कळत नाही तो मोकळ्या रानाचाही खंड भरतो.

एक कंपनी, दोन मुलुख

मोन्सँटो कंपनीचे तणनाशक सहन करणारे सोयाबीन १९९६ पासून अमेरिकेत आणि अर्जेंटिनात पिकू लागले. दोन्हीकडे बी तेच. कायदा मात्र एक नव्हता.

अमेरिकेत पेटंट होते. इंडियाना राज्यातल्या बोमन नावाच्या वयस्कर शेतकऱ्याने धान्याच्या कोठारातून खाण्याच्या भावाने सोयाबीन विकत घेतले, पेरले, तणनाशक फवारून वाचलेल्याचे बी पुढे राखले. कंपनीने दावा लावला. १३ मे २०१३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. त्याच्यावर चौऱ्याऐंशी हजार डॉलरच्या वर भरपाई बसली.

अर्जेंटिनात या जनुकाचे पेटंट कंपनीकडे नव्हते. तिथले शेतकरी रॉयल्टी न देता पेरत राहिले. तेव्हा कंपनीने वेगळी वाट धरली. युरोपात तिचे पेटंट होते, म्हणून अर्जेंटिनाची सोयाबीन पेंड युरोपच्या बंदरात उतरताच तिने खरेदीदारांवर दावे केले. म्हणजे शेतात अडवता येत नाही तर बाजारात अडवा! ६ जुलै २०१० ला युरोपीय न्यायालयाने सांगितले, की पेंडीत ते जनुक मेलेले आहे, काही काम करत नाही, म्हणून पेटंट तिथे लागू नाही. दावा बारगळला.

यातून दोन गोष्टी गाठीला बांधाव्यात. पेटंट कोणत्या देशात आहे यावर शेतकऱ्याचे नशीब ठरते. आणि ज्याला माल परदेशी पाठवायचा आहे त्याने आपल्या देशाचे दप्तर पाहून भागत नाही, गिऱ्हाइकाच्या देशाचेही पाहावे लागते.

जालन्याचा हिशेब

आता घरच्या गोष्टीकडे येऊ. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको कंपनी काढली. त्यांच्या कामाचा मान मोठा आहे, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मोन्सँटोने महिकोत २६ टक्के भाग घेतला आणि बीटी तंत्र विकण्यासाठी दोघांनी निम्म्या-निम्म्या भागीची कंपनी केली. २६ मार्च २००२ ला केंद्र सरकारने महिकोच्या मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या तीन बीटी वाणांना परवानगी दिली.

आम्ही बीटीच्या विरोधात नव्हतो आणि आजही नाही. २००२-०३ साली देशात कापसाच्या १३६ लाख गाठी झाल्या होत्या, २०१३-१४ साली त्या ३९८ लाखांच्या आसपास गेल्या. त्यात पाऊस, पाणी, खत यांचा वाटा आहे, पण हिरव्या बोंडअळीच्या फवारण्या वाचल्या हे ज्याच्या खांद्यावर पंप होता त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

पण भाव काय होता? पहिल्या वर्षांत साडेचारशे ग्रॅमची बॅग १,६०० ते १,८०० रुपयांना. त्यातली रॉयल्टी एके काळी १,२५० रुपये! आणि नीट ऐका, बोलगार्ड-एक या नावाच्या ज्या जनुकासाठी ही रॉयल्टी घेतली गेली, त्याचे पेटंट भारतात नव्हतेच. अमेरिकेत कुंपण होते, भारतात रान मोकळे होते. तरी खंड भरला.

हे कसे झाले? रॉयल्टी पेटंटच्या जोरावर नव्हती, कराराच्या जोरावर होती. जनुक घातलेले मूळ बी कंपनीच्या हातात, सरकारी परवाना कंपनीच्या हातात. दुसऱ्या बियाणे कंपन्यांना धंदा करायचा तर सही करणे भाग. करार करणे बेकायदा नाही. पण त्या कराराला धार आली ती सरकारच्या परवाना-राजामुळे. २००१ साली गुजरातेत नवभारत-१५१ नावाचे कपाशीचे बी हजारो एकरांवर उभे दिसले. त्यात तेच जनुक निघाले. तेव्हा पेटंट मोडले म्हणून कोणी आले नाही. आले ते पर्यावरण कायद्याचे अधिकारी, उभे पीक उपटून जाळा म्हणत. कंपनीला जे कुंपण पेटंटने मिळाले नव्हते ते सरकारी परवान्याने फुकट मिळाले.

मग २००६ साली आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारीविरोधी आयोगाकडे गेले आणि बॅगेचा भाव साडेसातशेवर आला. त्याच वर्षी आणखी दोन बीटी जनुकांना परवानगी मिळाली. एक खरगपूरच्या आयआयटीतून आलेले आणि दुसरे चीनचे. चीनचे जनुक आणले ते आपल्याच शहरातल्या नाथ सीड्सने. दुसरी वाट होती, ती चार वर्षे उशिरा उघडली. त्या चार वर्षांत जे गेले ते आपले गेले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. अमेरिकेत सरळ वाण पेरतात, म्हणून बी राखू नये यासाठी तिथे कंपनीला पेटंट आणि कोर्ट लागते. आपल्याकडे बीटी आला तो संकरित वाणांतून. संकरित बी राखून उपयोग नाही, दर साल दुकानात जावेच लागते. आपल्या शेतकऱ्याला बांधून ठेवायला पेटंटची गरजच पडली नाही. पेटंटची लढाई झाली ती शेतकऱ्याशी नव्हे, बियाणे कंपन्यांची आपापसात.

दुसरे जनुक आणि न सुटलेला प्रश्न

ती लढाई बोलगार्ड-दोनवर झाली. या दुसऱ्या तंत्राचा अर्ज मात्र कंपनीने भारतात केला. अर्जाची तारीख नोव्हेंबर १९९९, पेटंट मंजूर झाले २००८ साली. वाण बाजारात आले २००६ साली. वीस वर्षे अर्जापासून मोजतात म्हणून मुदत संपली नोव्हेंबर २०१९ मध्ये.

नुझिवीडू सीड्स ही हैदराबादची मोठी कंपनी. रॉयल्टीवरून भांडण झाले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये मोन्सँटोच्या बाजूने करार तोडला गेला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. ११ एप्रिल २०१८ ला खंडपीठाने पेटंटच रद्द केले. कारण आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) प्रमाणे झाड, झाडाचा भाग, बियाणे आणि वाण यांवर पेटंट मिळत नाही. ८ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवला आणि सांगितले, की पुरावा घेऊन नीट खटला चालवा. खटला चालायच्या आत पेटंटची मुदत संपली आणि मार्च २०२१ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवले.

ज्या प्रश्नासाठी कोट्यवधी शेतकऱ्यांचे पैसे गुंतले होते, तो प्रश्न असा: प्रयोगशाळेत तयार केलेले जनुक एकदा झाडात शिरले, की झाडाबरोबर ते मोकळे होते, की पेटंटवाल्याचेच राहते? याचे उत्तर भारतात आजही मिळालेले नाही. कंपन्या मिटवून मोकळ्या झाल्या. शेतकरी त्या खटल्यात पक्षकारही नव्हता.

रॉयल्टी शून्य, भाव तसाच

आता बॅगेचा हिशेब वाचा आणि आपल्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.

बोलगार्ड-दोनची रॉयल्टी २०१६ च्या आधी बॅगेमागे सुमारे १६३ रुपये होती. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये भाव नियंत्रणाचा हुकूम काढला आणि २०१६ च्या हंगामात ती ४९ रुपये केली. २०१८ साली ३९, २०१९ साली २०, आणि पेटंट संपल्यावर २०२० साली शून्य.

आणि बॅगेचा भाव? २०१६ साली ८०० रुपये, २०१८ साली ७४०, २०१९ साली ७३०. २०२० साली रॉयल्टीचे वीस रुपये गेले, तरी भाव ७३० चा ७३० च! पुढे २०२१ साली ७६७, २०२२ साली ८१०, २०२३ साली ८५३, २०२४ साली ८६४ आणि २०२५ साली ९०१ रुपये.

मग ते वीस रुपये गेले कुठे? पेटंट होते तोवर बियाणे कंपन्या आमच्याकडे बोट दाखवून म्हणत होत्या, की परदेशी रॉयल्टीने शेतकरी नागवला जातो. रॉयल्टी संपली तेव्हा शेतकऱ्याची आठवण कोणाला राहिली नाही. बी तयार करायची मजुरी वाढली, डिझेल वाढले, हे आम्हालाही कळते. बीजोत्पादनाचे प्लॉट करणारेही शेतकरीच आहेत आणि त्यांना भाव मिळालाच पाहिजे. पण दर साल भाव ठरवणाऱ्या समितीने त्यातले बीजोत्पादक शेतकऱ्याला किती, कंपनीला किती आणि दुकानदाराला किती, हे का सांगू नये? आपल्या कापसाचा उत्पादन खर्च काढताना सरकार पै-पैचा हिशेब मागते. कंपनीचा हिशेब मागताना मात्र सरकारला बाराखडी आठवत नाही.

आणि ज्या तंत्रासाठी हे सगळे, त्याची अवस्था काय? गुलाबी बोंडअळी बोलगार्ड-दोनला जुमानेनाशी झाली. २०१७ च्या हंगामात तिने मराठवाड्यात आणि विदर्भात कपाशी झोपवली. पेटंट संपले तेव्हा त्या तंत्राचा दमही संपत आला होता. गायरान मोकळे झाले, पण गवत सुकलेले.

सरकारचा दांडपट्टा

काही मित्र म्हणतील, सरकारने रॉयल्टी कमी केली हे चांगलेच झाले. थोडे थांबा.

पेटंट कायद्यातच मक्तेदारीवर औषध ठेवलेले आहे. पेटंट मंजूर होऊन तीन वर्षे झाली आणि माल परवडेल अशा भावात मिळत नसेल, तर कलम ८४ खाली दुसऱ्या उत्पादकाला सक्तीचा परवाना देता येतो. ९ मार्च २०१२ ला मुंबईच्या पेटंट कचेरीने हे करून दाखवले. बायर कंपनीचे कर्करोगावरचे नेक्साव्हर हे औषध महिन्याला २,८०,००० रुपयांना मिळत होते. हैदराबादच्या नॅटको कंपनीला परवाना देऊन ते ८,८८० रुपयांवर आणले. बायरला त्यावर रॉयल्टीही ठरवून दिली. अर्ज झाला, दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले, कारणे लिहून निकाल दिला. ही झाली कायद्याची रीत. पुढे जून २०१८ मध्ये याच बायरने मोन्सँटो विकत घेतली.

बियाण्यात सरकारने ही रीत वापरली नाही. आवश्यक वस्तू कायद्याचा दांडपट्टा फिरवला. मे २०१६ मध्ये तर जो मागेल त्याला तंत्र द्यायचे आणि रॉयल्टी सरकार ठरवेल असा हुकूम काढला आणि काही दिवसांत मागे घेऊन त्याचा 'मसुदा' केला. परिणाम काय? जुलै २०१६ मध्ये महिकोने तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या बीटी कपाशीचा अर्जच मागे घेतला.

कंपनीचे काय बिघडले? तिने माल दुसऱ्या देशात विकला. बिघडले आपले. निंदणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. शेतकऱ्याने ते बी चोरवाटेने मिळवले आणि लावले. १० जून २०१९ ला अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर इथे शेतकऱ्यांनी जाहीरपणे त्याची लागवड करून सरकारला आव्हान दिले. चोरवाटेच्या बियाला ना पावती, ना उगवणीची हमी, ना फसवणुकीची दाद. पेटंटवाल्याची मक्तेदारी वीस वर्षांची तरी असते. सरकारी फायलीच्या मक्तेदारीला मुदतच नाही.

आपले ज्ञान, आपला कागद

आतापर्यंत कंपन्यांचे बोललो. आता आपले बोलू.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाला जखमेवर हळद लावण्याचे पेटंट मिळाले. आपल्याकडे मोठा गलका झाला. गलक्याने काही होत नाही हे ओळखले ते डॉ. रघुनाथ माशेलकरांनी. गोव्यातल्या माशेलचा हा माणूस तेव्हा देशाच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचा महासंचालक होता. परिषदेने जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा छापील वैद्यकीय लेख अमेरिकेच्या कचेरीपुढे ठेवला आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते पेटंट रद्द करून घेतले. आजीबाईला माहीत होते, हा पुरावा चालला नाही. छापलेला कागद चालला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या तुकडाभर शेतात निवड करून एचएमटी हा भात तयार केला. लाखो लोकांच्या ताटात तो गेला. २०१८ साली ते गेले ते गरिबीतच. त्यांचे ज्ञान कमी नव्हते. कमी होता तो वेळेवर केलेला कागद. तेव्हा तसा कायदाही नव्हता.

आज आहे. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित वाण कंपनीच्या छापाच्या पिशवीत घालून विकता येत नाही, एवढीच अट. २०१९ च्या एप्रिलमध्ये पेप्सिको कंपनीने गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यातल्या चार बटाटा उत्पादकांवर प्रत्येकी एक कोटी पाच लाखांचे दावे लावले. देशभर आवाज उठला, कलम ३९ पुढे आले आणि मे महिन्यात दावे मागे घेतले गेले. याच कायद्यात शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदही करता येते.

अवजारांचे तर आपले लक्षच नाही. आमच्या भागातल्या वेल्डिंगच्या दुकानांत तिफणीपासून मळणीयंत्रापर्यंत नवनव्या युक्त्या निघतात. शेती करण्याच्या पद्धतीवर भारतात पेटंट मिळत नाही, पण नव्या अवजारावर मिळते. महत्त्वाची अट ही, की अर्ज करण्याआधी ते उघड झालेले नको. आपण आधी आठवडी बाजारात दाखवतो, प्रदर्शनात मांडतो, पेपरात फोटो छापून आणतो, आणि हक्क घालवून बसतो. साधा कच्चा अर्ज करून तारीख घेतली, तर पक्का अर्ज करायला बारा महिने मिळतात. एकट्या माणसाला संगणकावरून अर्ज करायची फी १,६०० रुपये आहे. कपाशीच्या दोन बॅगांपेक्षाही ती कमीच.

बैठकीपुढे ठेवायच्या मागण्या

आम्ही पेटंटचे शत्रू नाही. ज्याने डोके आणि पैसा घातला त्याला फळ मिळाले पाहिजे. शेतकरी स्वतःच्या घामाचा दाम मागतो, त्याने दुसऱ्याच्या घामाचा दाम नाकारू नये. पण कुंपण जेवढ्या जमिनीचे तेवढ्याच जमिनीला, आणि मुदत जेवढी तेवढीच. म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही या मागण्या ठेवतो.

एक : बियाण्याच्या प्रत्येक बॅगेवर त्यातल्या तंत्राचा मालक, त्याच्या भारतीय पेटंटचा नंबर, मुदत संपण्याची तारीख आणि भावातली रॉयल्टी मराठीत छापावी. भारतात पेटंट नसेल तर 'पेटंट नाही' असे छापावे.

दोन : कपाशीच्या बॅगेचा भाव ठरवणाऱ्या समितीने २०२० पासूनचा पूर्ण हिशेब जाहीर करावा.

तीन : मुदत संपलेल्या तंत्राचे सरळ वाण, ज्यांचे बी शेतकऱ्याला राखता येईल, नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेने आणि परभणीच्या विद्यापीठाने पुरेशा प्रमाणात द्यावेत.

चार : नव्या तंत्राच्या अर्जावर हो किंवा नाही, ठराविक मुदतीत आणि कारणे लिहून सांगावे. फाईल दाबून ठेवू नये.

पाच : कलम ३(जे) आणि कलम ३९ यांना धक्का लावू नये. जनुकाचा प्रश्न पुन्हा कोर्टात आला तर शेतकऱ्याला पक्षकार म्हणून ऐकून घ्यावे.

आणि एक काम सरकारने करायचे नाही, आपण करायचे आहे. येत्या खरिपात बॅग घेताना पावती घ्या आणि दुकानदाराला विचारा, यातले पेटंट कोणाचे, कोणत्या देशातले, कधी संपते? त्याला सांगता येणार नाही. मग तोच प्रश्न तालुका कृषी अधिकाऱ्याला लेखी विचारा आणि पोच घ्या. करमाड सर्कलमधल्या प्रत्येक गावातून असा एक एक कागद गेला पाहिजे. जमिनीचा सातबारा आपण दर साल काढून पाहतो, कारण न पाहिलेल्या सातबाऱ्यावर कोणाचेही नाव चढते. बियाण्याचाही काढायला शिकू.